‘कालचंच फॅट धरतो’: नव्या सिस्टिम अ‍ॅनालिस्टसाठी कामाची वाट

मुलाखत झाली, निवड झाली, पत्रावर ‘बिझनेस सिस्टिम अ‍ॅनालिस्ट’ असं भारदस्त नावही आलं. पण सोमवारी ऑफिसात जाऊन नेमकं करायचं काय, हे कुणी सांगितलं नाही. अशा मुलामुलींसाठी हे लिहितोय. कुणी इंजिनिअरिंग करून आलेलं असतं, कुणी बी.कॉम. करून टॅलीवर दोन वर्षं काढलेलं असतं, कुणी टेस्टिंगमधून इकडे वळलेलं. तिन्ही वाटा चालतात.

काम एका वाक्यात सांगतो. ज्यांचा रोजचा व्यवहार आहे त्यांच्याकडून तो समजून घ्यायचा आणि प्रोग्राम लिहिणाऱ्याला एकही गोष्ट मनानं ठरवावी लागू नये इतका स्पष्ट करून द्यायचा. कुठे या माणसाला बीए (बिझनेस अ‍ॅनालिस्ट) म्हणतात, कुठे सिस्टिम अ‍ॅनालिस्ट, कुठे फंक्शनल कन्सल्टंट. पाटीवरून फार काही ठरत नाही.

उदाहरणाला बँक किंवा ऑनलाइन दुकान घेत नाही, ती सगळीकडे असतात. मी सुरुवातीच्या वर्षांत ज्यावर सगळ्यात जास्त आपटलो ते घेतो: गावातली दूध संस्था. सकाळ-संध्याकाळ सभासद दूध घालतात, ते मोजायचं, फॅट (स्निग्धांश) आणि एसएनएफ (स्निग्धांश सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ) काढायचं, दरपत्रकाप्रमाणे रक्कम धरायची आणि दर दहा दिवसांनी बिल काढायचं. चार ओळींचा व्यवहार वाटतो ना? मलाही वाटला होता.

आधी दुखणं विचारा

पहिल्या बैठकीत माणसं उपाय मागतात. ‘आम्हाला मोबाइल अ‍ॅप पाहिजे.’ नवा अ‍ॅनालिस्ट लगेच वही उघडतो आणि स्क्रीन किती, रंग कोणता, लॉगिन कसं, हे लिहायला लागतो. थांबा. अ‍ॅप आलं की काय बदलेल, असं विचारा. मग गप्पा सुरू होतात. आमच्या त्या संस्थेत कळलं ते असं की, बिलाच्या दिवशी खिडकीवर भांडणं होतात. सभासद म्हणतो, माझं दूध जास्त गेलं. सचिव म्हणतात, वहीत एवढंच आहे. दोघांपैकी कुणाकडेच पुरावा नाही.

म्हणजे खरी गरज आहे प्रत्येक पाळीला हातात पडणाऱ्या पावतीची, आणि बिलात काय काय कापलं हे उलगडून दाखवण्याची. त्यातलं काही अ‍ॅपवर जाईल, काही छापील चिठ्ठीवर. शब्द न बदलता, त्यांच्याच भाषेत हे दुखणं दोन-तीन ओळींत लिहा आणि त्याखाली हद्द लिहा: यात काय येतं, काय येत नाही. उदाहरणार्थ, पशुखाद्याची उधारी येते, पण पशुखाद्याच्या गोदामाचा साठा येत नाही. ‘येत नाही’ची यादी लिहायला लाज वाटते, पण सहा महिन्यांनी तीच वाचवते.

कुणाकुणाला भेटायचं

बैठकीला येतात अध्यक्ष, सचिव आणि एखादे संचालक. रोज यंत्रासमोर बसणारा मुलगा येत नाही. दूध घालणारी बाई येत नाही. टँकरवाला, संस्थेकडून दूध घेणाऱ्या दूध संघाचा सुपरवायझर, वर्षाला येणारे लेखापरीक्षक, यांचं नावही निघत नाही. या सगळ्यांची यादी करा आणि प्रत्येकासमोर लिहा की हा माणूस सिस्टिमला काय देतो आणि तिच्याकडून काय घेतो. लेखापरीक्षकांना विसरलात तर सिस्टिम चालू झाल्यावर ते एक रजिस्टर मागतील, जे तुमच्याकडे निघतच नसेल.

आणखी एक प्रश्न खासगीत विचारून घ्या: या सिस्टिममुळे कुणाचं नुकसान होणार आहे? वहीत हातानं ‘सांभाळून’ घेणारा कुणीतरी असतोच. तो बैठकीत विरोध करणार नाही. फक्त मशीन सारखं बंद पडतंय, असं म्हणत राहील.

काम चालू असताना जा

ही पायरी सोडली तर बाकीच्या करून उपयोग नाही. संकलन पहाटे सहाला सुरू होत असेल तर पावणेसहाला तिथे हजर राहा. पहिल्या दिवशी काहीही विचारू नका. कोपऱ्यात उभं राहून बघा: कोण काय उचलतो, कुठे लिहितो, कुठे अडतो, कुणाला हाक मारतो.

मी पहिल्यांदा गेलो तेव्हा ऑफिसातल्या मुलाखतीत ऐकलेलं चित्र अर्ध्या तासात मोडलं. सांगितलं होतं, ‘सभासद येतो, नंबर सांगतो.’ प्रत्यक्षात नंबर कुणीच सांगत नव्हतं. यंत्रावरचा मुलगा तोंड बघून नंबर टाकत होता. खातं वडिलांच्या नावावर, दूध घेऊन येतो धाकटा मुलगा, पैसे लागतात आईला. एका घरात गाय आणि म्हैस दोन्ही, म्हणून एकाच नंबरावर दोन किटल्या. शेजारणीची किटलीही तीच घेऊन आलेली. आता तुमच्या स्क्रीनवर ‘सभासद क्रमांक’ हा एक साधा चौकोन आहे, त्यात हे सगळं बसवायचंय.

तेवढ्यात वीज गेली. इन्व्हर्टर होता, तो काट्यापुरता. फॅटचं यंत्र बंद. मी सचिवांना विचारलं, ‘तात्या, आता फॅट कसं काढणार?’

‘काढायचं कशाला? कालचंच फॅट धरतो.’

‘आणि काल ज्यानं दूध घातलं नाही त्याचं?’

तात्यांनी माझ्याकडे पाहिलं. ‘साहेब, ते मग अंदाजानं.’

ही दोन वाक्यं कोणत्याही बैठकीत निघाली नसती. लपवायची होती असं नाही, त्यांना ती सांगण्यासारखी वाटलीच नव्हती. रोजच्या सवयीची गोष्ट माणूस सांगत नाही, आणि सिस्टिम नेमकी तिथेच अडते. म्हणून मुलाखतीला बसलात की सरळ वाटेचे प्रश्न लवकर उरका आणि आडवाटेचे विचारा. वीज गेली तर? दूध नासलं तर? नोंद चुकली आणि माणूस घरी गेला तर दुरुस्ती कोण करतो, कुणाला विचारून? यापूर्वी सगळ्यात मोठा गोंधळ कधी झाला होता? शेवटच्या प्रश्नावर माणसं खुलतात, अर्धा तास बोलतात. त्या अर्ध्या तासात थोडंच लिहा आणि जास्त ऐका.

एक गोष्ट मात्र आपल्या हातात नाही. यंत्र बंद असताना फॅट काय धरायचं, हे अ‍ॅनालिस्ट ठरवत नाही. मागच्या तीन पाळ्यांची सरासरी धरता येईल, कालचं धरता येईल, हातानं जुन्या पद्धतीनं तपासता येईल, असे पर्याय मांडा, प्रत्येकाचा परिणाम सांगा आणि निर्णय संचालक मंडळाकडून लेखी घ्या. हुशार मुलं इथे चुकतात. त्यांना उत्तर सुचतं आणि ते परस्पर लिहून टाकतात.

चित्र काढा, पण कौतुक आवरा

परतल्यावर त्याच दिवशी आजची पद्धत कागदावर काढा. उभे किंवा आडवे पट्टे आखा: सभासद, यंत्रावरचा मुलगा, सचिव, संघ. कोणतं काम कोणाच्या पट्ट्यात, ते चौकोनात; जिथे निर्णय आहे तिथे शंकरपाळीचा आकार; बाण. बीपीएमएन नावाची चिन्हांची प्रमाणित पद्धत आहे, ती शिकून घ्या, पण गावातल्या बैठकीत चौकोन, शंकरपाळी आणि बाण एवढ्यावर भागतं. चित्र घेऊन परत जा आणि त्यांनाच चुका काढायला सांगा. सुरेख छापलेल्या चित्रात माणसं चूक काढत नाहीत, संकोचतात. पेन्सिलीनं काढलेल्यात बोट ठेवून म्हणतात, ‘हे असं नाय होत.’

मग दुसरं चित्र, नव्या पद्धतीचं. दोन्हींतला फरक म्हणजे तुमचं काम.

शब्द, एककं आणि पैशांची टोकं

या भागावर थोडा जास्त वेळ घेतो, कारण माझी सगळ्यात महाग चूक इथली आहे.

दूध संस्थेत ‘फरक’ म्हणजे वर्षातून एकदा, बहुतेक दिवाळीच्या तोंडावर, घातलेल्या दुधावर मिळणारी जादा रक्कम. मुलाखत मराठीत झाली, कागद इंग्रजीत लिहायचा होता. मी ‘फरक’चं सरळ ‘डिफरन्स’ करून टाकलं आणि ‘डिफरन्स रिपोर्ट’ असा एक अहवाल यादीत घातला. डेव्हलपर दुसऱ्या राज्यातला. त्यानं प्रामाणिकपणे जुळत नसलेल्या नोंदी शोधणारा सुंदर अहवाल बनवला. दिवाळीच्या आधी तो तात्यांसमोर उघडला, तेव्हा त्यात सभासदांच्या पैशांऐवजी त्यांच्या चुकांची यादी निघाली. तीन आठवड्यांचं काम पुन्हा.

तेव्हापासून मी शब्दसूची पहिल्या दिवशी उघडतो. मूळ शब्द देवनागरीत तसाच, पुढे त्याचा त्या संस्थेतला अर्थ, एक उदाहरण आणि तो अर्थ कुणी सांगितला. ‘उचल’ म्हणजे पुढच्या बिलातून कापायची रक्कम की हप्त्यानं फेडायचं कर्ज? ‘पगार’ म्हणजे सभासदाचं दहा दिवसांचं बिल की नोकराचा महिना? दोन्हीला तोच शब्द वापरतात. ‘पॉइंट’ म्हणजे फॅटचा ०.१. इंग्रजी प्रतिशब्द सुचला नाही तर मूळ शब्दच ठेवा, डेव्हलपर शिकतो.

शब्दांइतकीच एककं दगा देतात. सभासदाचं दूध लिटरमध्ये लिहितात, संघ वजनावर घेतो. एक लिटर दुधाचं वजन साधारण १.०३ किलो. हजार लिटरला ३० किलोचं अंतर पडतं आणि महिनाभर ‘घट’ की ‘वाढ’ यावर वाद रंगतो. हसू नका. नासाचं मार्स क्लायमेट ऑर्बिटर हे यान सप्टेंबर १९९९ मध्ये मंगळाजवळ पोहोचून नष्ट झालं, त्यामागेही एका बाजूचं सॉफ्टवेअर पाउंड-फोर्स-सेकंदांमध्ये आकडे देत होतं आणि दुसरी बाजू ते न्यूटन-सेकंदांमध्ये आहेत असं धरून चालली होती. तुमच्या प्रत्येक आकड्यासमोर एकक, किती दशांश स्थळं, किमान आणि कमाल मर्यादा, तो कुठून येतो, हे लिहिलेलं हवं. यालाच डेटा डिक्शनरी म्हणतात. एक्सेलच्या एका पानावर होते.

दशांशाचं उदाहरण तर सोन्याचं आहे. काटा ७.३६ लिटर दाखवतो. सिस्टिममध्ये एकच दशांश ठेवला आणि उरलेला सोडून दिला, तर दर वेळी सरासरी ०.०४५ लिटर जातं. दिवसाला दोन पाळ्या, दहा दिवसांत वीस. एका सभासदाचं जवळपास एक लिटर. १५० सभासद असले तर १३५ लिटर, दर बिलाला. प्रोग्रामरनं एक छोटी ओळ लिहिली, बस. ती कशी लिहायची हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं, म्हणजे तुम्ही.

सूत्रांचंही तसंच. लॅक्टोमीटरवरून, म्हणजे दुधाची घनता मोजणाऱ्या साधनावरून, एसएनएफ काढताना तापमानानुसार दुरुस्त केलेलं माप ४ नं भागतात, त्यात फॅटचा ठरावीक भाग आणि एक स्थिरांक मिळवतात. तो भाग आणि तो स्थिरांक सगळीकडे सारखे नाहीत. ‘एसएनएफ काढावा’ एवढंच लिहिलंत तर डेव्हलपर इंटरनेटवर जे पहिलं सापडेल ते वापरेल. त्या संस्थेचा आणि संघाचा आकडा कोणता, ते लेखी घ्या आणि पाच खऱ्या नमुन्यांवर हातानं गणित करून पाहा.

दरपत्रक हा आणखी एक सापळा. गाईच्या दुधाला ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ हा पाया धरून पुढे प्रत्येक पॉइंटला वाढ किंवा कपात, असा मोठा तक्ता असतो. फॅट ३.० ते ५.० आणि एसएनएफ ७.५ ते ९.० धरला तर ३३६ घरं. दर बदलल्याचं पत्र ४ तारखेला येतं आणि त्यात लिहिलेलं असतं, ‘१ तारखेपासून लागू.’ म्हणून दरासोबत ‘कधीपासून’ ही तारीख हवीच, आणि आधीच छापलेल्या पावत्यांचं काय करायचं त्याचा नियमही.

लिहायचं कसं

‘सिस्टिम फास्ट असावी’, ‘वापरायला सोपी असावी’ असली वाक्यं लिहू नका. ती कुणालाच तपासता येत नाहीत. आकडा जागेवरून काढा. १५० सभासद दोन तासांत येतात, म्हणजे ७२०० सेकंद, माणशी ४८. त्यातला बराचसा वेळ यंत्राला नमुना तपासायलाच लागतो. मग उरलेल्या वेळात बसेल असं लिहा: यंत्राकडून आकडे आल्यापासून पावती छापायला सुरुवात होईपर्यंत ३ सेकंद.

एक अट, एक वाक्य. प्रत्येकीला क्रमांक. आणि प्रत्येक अटीखाली खऱ्या आकड्यांचं किमान एक उदाहरण: ‘सभासद ४२, गाईचं दूध ७.३६ लिटर, फॅट ३.८, एसएनएफ ८.५, दर ३५ रुपये असेल, तर पावतीवर रक्कम २५७.६० दिसावी.’ लगेच खाली आडवाटेचं: ‘प्रिंटर बंद असला तरी नोंद जतन व्हावी आणि पुढच्या सभासदाचं काम थांबू नये.’ टेस्टर यावरूनच आपल्या चाचण्या बनवतो. तुमच्या कंपनीत यूजर स्टोरी (वापरणाऱ्याच्या नजरेतून दोन-तीन ओळींत लिहिलेली गरज) लिहितात की जाडजूड एसआरएस (सगळ्या अटींचा एकत्र दस्तऐवज), यावर वाद घालत बसू नका. उदाहरणं नसली तर दोन्ही सारखेच निरुपयोगी.

प्राधान्य लावताना सगळे म्हणतात, सगळंच महत्त्वाचं. तेव्हा उलटा प्रश्न: पहिल्या बिलाच्या दिवशी हे नसेल तर काम थांबेल का? थांबत असेल तर हवंच. बाकीचं पुढच्या खेपेला.

बदल येतात तेव्हा

सह्या झाल्या म्हणजे गरजा गोठल्या, असं समजू नका. २०२४ मध्ये राज्य सरकारनं गाईच्या दुधाला लिटरमागे ५ रुपये अनुदान जाहीर केलं. ते मिळवायला जनावराच्या कानातल्या बिल्ल्याचा १२ अंकी क्रमांक आणि आधारशी जोडलेलं बँक खातं लागत होतं. ज्या सिस्टिममध्ये सभासद होता पण त्याची जनावरं नव्हती, तिथे धावपळ झाली. हे आधी ओळखणं कुणालाच शक्य नव्हतं. पण बदल आल्यावर शांतपणे बसून तो कुठे कुठे लागतो हे सांगणं तुमचं काम: सभासदाची नोंद, नवी जनावरांची यादी, विकलेल्या जनावराचं काय, अहवालाचा नमुना, आणि आता आधार आणि बँकेचे तपशील साठवणार असाल तर ते कोण बघू शकतं. अटींना क्रमांक दिले असतील तर हा शोध तासाभराचा, नाहीतर आठवड्याचा. बदल तोंडी घेऊ नका. फोनवर सांगितला तरी त्याच संध्याकाळी दोन ओळींचा मेल टाका: ‘आज असं ठरलं, बरोबर ना?’

चालू करण्याआधी

वापरणाऱ्यांनी स्वतः तपासायची फेरी असते, तिला यूएटी म्हणतात. त्या फेरीत अ‍ॅनालिस्टनं माउस हातात घ्यायचा नाही. यंत्रावरच्या मुलाला बसवा, मागे उभे राहा, तो जिथे घुटमळतो ते लिहा. चाचणीचे प्रसंग तुमच्या आडवाटेच्या यादीतूनच घ्या. बिलाचा काळ घ्या: १ ते १०, ११ ते २०, आणि २१ ते महिनाअखेर. तिसरा काळ कधी दहा दिवसांचा, कधी अकरा, फेब्रुवारीत आठ किंवा नऊ. ‘दहा दिवसांनी बिल’ असं वाक्य वाचून कुणी तारखेत सरळ १० मिळवले असतील, तर ते इथे सापडेल. उचल बिलापेक्षा जास्त असेल तर बिल उणे जातं का, तेही बघा.

मग एक पूर्ण बिल वही आणि सिस्टिम दोन्हींवर काढा. प्रत्येक सभासदाचा पैसा न् पैसा जुळवा. जुळलं नाही तर चूक सिस्टिमचीच असेल असं नाही. आमच्याकडे नऊ ठिकाणी फरक आला आणि त्यातल्या सहा ठिकाणी वही चुकली होती. हे तात्यांना चारचौघांत सांगू नका, बाजूला घेऊन सांगा.

जुनी माहिती आणताना एकाच नंबरावर दोन माणसं, मयत सभासदांची चालू खाती, अशा गोष्टी निघतात. त्याला तुम्हाला वाटतो त्याच्या दुप्पट वेळ धरा. आणि दिवाळीच्या तोंडावर नवी सिस्टिम चालू करू नका, कोणी कितीही आग्रह केला तरी.

पहिल्या वर्षात शिकायचं काय

एक्सेल नीट, म्हणजे पिव्होट आणि लुकअपसकट. एसक्यूएल, म्हणजे डेटाबेसला प्रश्न विचारायची भाषा, इतकं की स्वतः माहिती काढून बघता यावी, डेव्हलपरच्या मागे फिरावं लागू नये. चित्रांसाठी कोणतंही एक साधन. आयआयबीए या बिझनेस अ‍ॅनालिस्टांच्या आंतरराष्ट्रीय संस्थेचा बॅबॉक नावाचा मार्गदर्शक ग्रंथ आहे आणि नवख्यांसाठी ईसीबीए ही तिची परीक्षा. नोकरीच्या बाजारात उपयोग होतो, पण परीक्षेच्या आधी एकदा तरी खरा व्यवहार बघून या, नाहीतर त्यातले शब्द हवेत राहतात.

सरावासाठी क्लायंटची वाट बघू नका. गल्लीतली पिठाची गिरणी घ्या. रविवारी सकाळी तासभर बाकड्यावर बसा. डबा कुणाचा हे तो कसं ओळखतो? ज्वारीनंतर गहू दळताना पहिलं पीठ कुणाच्या डब्यात जातं? उधारी कुठे लिहिलेली आहे? मालक जेवायला गेला की भाव कोण सांगतं? घरी येऊन पट्ट्यांचं चित्र काढा, दहा अटी लिहा, प्रत्येकीखाली एक उदाहरण. पुढच्या रविवारी तो कागद घेऊन परत जा आणि गिरणीवाल्याला वाचून दाखवा.